काकूंच्या लॅपटॉपचा आवाज

बडोदे, शनिवार

मन्या लेका,

प्रकृती ठीक, गुडघा आहे तसाच. पत्राचं कारण घरात कुणाला सांगून कळण्यासारखं नाही, म्हणून तुला लिहितोय. काकूंच्या लॅपटॉपचा (विंडोजऐवजी लिनक्स, त्यातलं डेबियन) आवाज गेला होता.

रोज दिवेलागणीला त्या बापूंच्या कॅसेटींवरून उतरवलेलं गाणं लावतात, ठाऊक आहे तुला. सोमवारी फोन आला, "आज बापू गप्प आहेत रे." दांडिया बाजारात पोचेपर्यंत माझ्या पोटात गोळा. फायलीच खराब झाल्या असत्या तर? तो केदार राग, ज्यात मधेच बापू "पोरांनो, दार लोटून घ्या" म्हणून आपल्यावर ओरडतात? आधी तोच फोनवर घेऊन वाजवून बघितला. शाबूत होता. मग जरा श्वास घेतला.

सेटिंगमध्ये 'डमी आउटपुट' दिसत होतं. म्हणजे आवाज सोडायला खरं कार्डच हाती लागत नाहीये. गल्लीतला दुकानदार काकूंना आधीच सांगून बसला होता की साउंड कार्ड उडालं, नवा लॅपटॉप घ्या. मला पटेना. साउंड कार्डांची यादी देणारी 'एप्ले -एल' ही कमांड मारली, तर कार्ड यादीत हजर! कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला दिसतंय, कार्डाशी बोलणाऱ्या अल्साला दिसतंय, अडलंय वरच्या मजल्यावर. डेबियन १२ पासून ग्नोम या डेस्कटॉपमध्ये आवाज पोचवणाऱ्या पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आहे, आणि कार्ड शोधून त्याच्या हवाली करायचं काम वायरप्लंबरचं. तेच बंद पडलं होतं. सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार) न लावता, काकूंच्याच खात्यातून परत सुरू केलं.

(पल्सऑडिओवरून आठवलं. २००८ मध्ये उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या ८.०४ आवृत्तीबरोबर तो आला, तेव्हा तू चिडून होस्टेलात तो उपटून टाकलास आणि पुढे कित्येक दिवस मुके सिनेमे बघितलेस. वर म्हणालास, डेबियनवाल्यांची नजर लागली! तो वाद मी अजून सोडलेला नाही.)

आता कार्ड दिसायला लागलं, आवाजाची पट्टी नाचायला लागली, पण आवाज नाहीच. अल्सामिक्सर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचा प्रोग्राम उघडला, एफ६ ने कार्ड निवडलं. स्पीकरखाली 'एमएम', म्हणजे मुका. एम दाबून उघडला, तरी गाणं लावलं की परत तेच. उजवीकडे सरकत गेलो तर शेवटी हेडफोन लावले की स्पीकर आपोआप बंद करणारा 'ऑटो-म्यूट मोड' चालू! हेडफोनच्या भोकात काहीच नाही, तरी लॅपटॉपला वाटतंय की कुणीतरी पिन खुपसलीये. पावसाळ्यात आतली पत्ती चिकटली असणार. ऑटो-म्यूट बंद केला, आवाज कुठून सोडायचा ते ठरवणाऱ्या पावूकंट्रोलमध्ये हेडफोनऐवजी स्पीकर निवडले आणि स्पीकर-टेस्ट लावली. "फ्रंट लेफ्ट" ऐकताच काकू पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. मग केदार लावला. "दार लोटून घ्या" आलं, आणि मन्या, त्यांनी खरंच उठून दार लोटलं.

'अल्साकंट्रोल स्टोअर'ने मिक्सरची मांडणी जपून ठेवलीये. पण माझी भुजला बदली होतेय आणि मला त्याचीच काळजी लागलीये. पत्ती पुन्हा कुरकुरणार, वायरप्लंबर पुन्हा कधीतरी बसणार. लिनक्समध्ये आवाज जातो तेव्हा पडद्यावर कुठेही चूक दिसत नाही. प्लेअर म्हणतो वाजतंय, पाइपवायर म्हणतो पुढे दिलं, आणि खोली शांत. त्या वयाच्या बाईने कुठे बघायचं? त्या दुकानात नेतील, तिथे फॉरमॅट होईल. धडधाकट कार्ड भंगारात जाईल.

तुझं नवं घर कसंय? वहिनींना नमस्कार, चिंगीचा निकाल कळव. वास्तूला येता आलं नाही, सगळं भेटीत बोलू.

आता काम. लांबून मशीनमध्ये शिरता यावं म्हणून तुझी एसएसएचची सार्वजनिक चावी पाठव, काकूंच्या खात्यात टाकून ठेवतो. राउटरचं मी बघतो. त्यांचा फोन संध्याकाळी सातच्या सुमारास येईल आणि त्या फक्त "बापू गप्प आहेत" एवढंच म्हणतील. आधी वायरप्लंबर बघ, मग ऑटो-म्यूट. आणि त्या मशीनवर उबुंटू टाकायचा विचारसुद्धा करू नकोस.

तुझा,
बंड्या