उरलेल्या वेळात काही होत नाही, वैशू

विश्रामबाग, सांगली
फेब्रुवारी २०२५

प्रिय वैशू,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोनदा वाचलं आणि एका वाक्यापाशी अडून बसले. "माझ्यात जिद्दच नाही गं, जानेवारीत सुरू केलेलं चालणं, गाण्याचा रियाज, सगळं महिनाअखेरीला बंद पडलं, मी मुळातच अशी आहे," असं तू लिहिलंयस. हे मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून पत्र लांबलं तर लांबू दे.

तू कित्येक वर्षं सासूबाईंना दोन वेळा इन्सुलिन देतेस. मुक्ताची बारावी झाली, तुझी बदली झाली, दिरांचं लग्न झालं, कोविडची दोन वर्षं गेली. यातल्या कशातही ते इंजेक्शन चुकल्याचं मी ऐकलेलं नाही. लग्नाच्या कार्यालयात फ्रिज कुठे आहे हे तू आदल्या आठवड्यात फोन करून विचारून ठेवलं होतंस. जिद्द नसलेल्या बाईला हे जमतं का?

आता ते का जमलं, ते बघ. आज इंजेक्शन द्यावंसं वाटतंय का, असं तू कधी सकाळी स्वतःला विचारलं नाहीस. जेवणाआधी, त्यांच्याच खोलीत, त्याच डब्यातून. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, त्याच्या आधी काय आणि नंतर काय तेही ठरलेलं. तुझ्या चालण्याला आणि गाण्याला मात्र असं काहीच ठरलेलं नाही. ते "वेळ मिळाला की". डबे गेले की, ऑफिसचं उरकलं की, सगळ्यांची जेवणं झाली की. आपल्या घरांमधून बाईच्या वाट्याला असा वेळ उरतच नाही, आणि चुकून उरलाच तर तेव्हा अंगात त्राण नसतं. दुसऱ्यांच्या गोष्टींना तू दिवसात जागा दिलीस आणि स्वतःच्या गोष्टींना उरलेला वेळ दिलास. चालणं बंद पडलं ते यामुळे, तुझ्या स्वभावामुळे नाही.

मी वर्गात दरवर्षी एक प्रयोग शिकवते, तो तुला सांगायलाच हवा. २००२ साली प्रसिद्ध झालेला, इंग्लंडमधल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा. एका गटाला काही विशेष सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला हृदयरोगाचा धोका आणि व्यायामाचे फायदे सांगणारी माहिती वाचायला दिली. तिसऱ्या गटाने तीच माहिती वाचली, आणि शिवाय येत्या आठवड्यात कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून दिलं. त्या आठवड्यात एकदा तरी नीट व्यायाम करणारे पहिल्या गटात ३८ टक्के निघाले आणि दुसऱ्यात ३५. म्हणजे नुसत्या प्रेरणेने काही फरक पडला नाही. तिसऱ्या गटात मात्र ९१ टक्के. मुलांना हे आकडे फळ्यावर लिहून दाखवते तेव्हा वर्ग शांत होतो, कारण परीक्षेच्या आधी भिंतीवर स्फूर्तिदायक वाक्यं चिकटवलेली असतात त्यांनी. एका आठवड्याचा प्रयोग आहे, आयुष्यभराची हमी नाही, हे मी त्यांना सांगते आणि तुलाही सांगते. पण मनाला उभारी यावी म्हणून वाट बघत बसण्यात काही अर्थ नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आपल्या भागातल्या तालमी बघ ना. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, ते नाव आपण लहानपणापासून ऐकत आलो. अशा पैलवानांच्या इच्छाशक्तीच्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्या खोट्या नसतील. पण तालमीत राहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराकडे बघितलं की मला वेगळंच दिसतं. पहाटे त्याला कुणी विचारत नाही, की बाबा, आज तुझी इच्छा आहे का. वस्ताद हाक मारतात, शेजारचा उठलेला असतो, लंगोट दोरीवर वाळत घातलेला असतो, हौद्यातली माती खोरून ठेवलेली असते. डोळे चोळत तो जोर काढायला लागतो आणि हुरूप त्याला मागाहून येतो, अंग तापल्यावर. त्याचं अर्धं काम तालमीच्या रचनेनंच करून ठेवलेलं असतं. हेच पोर सुट्टीला घरी गेलं की पहिल्याच आठवड्यात नऊला उठतं, हे त्याची आईच सांगते. पोरगं तेच, आजूबाजूचं तेवढं बदललं.

तर आता तुझ्या चालण्याला जागा शोधू या.

तुझा एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या सरासरीचा आकडा, ६.१ आला म्हणून तू घाबरली आहेस. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, अजून आत नाही. इथून माघारी फिरता येतं. चेन्नईच्या डॉक्टरांनी अशाच उंबरठ्यावरच्या भारतीय माणसांचा तीन वर्षं अभ्यास केला होता, २००६ साली तो छापून आला. रोजचं चालणं आणि आहार यांवर लक्ष दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं. अमेरिकेतल्या त्याआधीच्या मोठ्या अभ्यासात तर ५८ टक्क्यांनी, आणि तिथे लोकांना आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम सांगितला होता. दिवसाला वीस-बावीस मिनिटं पडतात, वैशू. तू ठरवला होतास तो पहाटे साडेचारचा एक तास कुणीच मागितलेला नाही. तो तास तू कुठल्यातरी व्हिडिओतून उचललास, आणि तो व्हिडिओ करणाऱ्या माणसाला सकाळी तीन डबे भरायचे नसतात.

पहाट सोडून दे. जेवण झाल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, तेव्हा तुझ्यासाठी रात्रीच्या जेवणानंतरची वेळ सगळ्यात चांगली. ताटातून उठलीस, हात धुतलेस, की चपला. मधे काहीही नाही. ओटा आवरायचा नाही, उद्याची भाजी निवडायची नाही, सोफ्यावर टेकायचं तर अजिबात नाही. चपला आत कपाटात नकोत, दारातच. सोसायटीच्या आवारात आधी दोनच फेऱ्या. दोन झाल्यावर तिसरी मारावीशी वाटली तर मार, पण ठरवायच्या दोनच. ज्या दिवशी पाहुणे येतील, डोकं दुखेल, महिनाअखेरीचं काम असेल, त्या दिवशीही जमतील इतक्याच.

ओट्याचं काय, हा खरा प्रश्न आहे आणि तो मी टाळणार नाही. सवयींवर लिहिणारी माणसं इच्छाशक्तीबद्दल पानंच्या पानं लिहितात, पण ही भांडी कोण घासणार याबद्दल एक ओळ लिहीत नाहीत. मिलिंदरावांशी बोल. कुरकुर करत किंवा रागाने नको, सरळ सांग: "जेवणानंतर अर्धा तास मी खाली असणार, मागचं तुम्ही आणि मुक्ता बघा." ते समजूतदार आहेत, ऐकतील. आणि पहिले काही दिवस ओटा तुझ्या मनासारखा पुसला गेला नाही तरी पुन्हा पुसायला जाऊ नकोस. तुझ्या दोन फेऱ्या टिकतात की नाही, ते तिथेच ठरणार आहे.

शेजारच्या कुलकर्णीकाकूंना बरोबर घे. आमचं इथलं आमराईतलं फिरणं इतकी वर्षं टिकलं ते आम्ही तिघीजणी आहोत म्हणून. एकीला कंटाळा आला तरी फाटकाशी दोघी थांबलेल्या असतात, मग उठावंच लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, मारुती चौक, गावभाग सगळं बुडालं, तेव्हा आमचं फिरणं साहजिकच थांबलं. नंतर कितीतरी दिवस चिखल, औषधांचा वास, घरोघरी भिजलेल्या गाद्या. कुणाला फिरायचं सुचणार? पण एका संध्याकाळी शोभाताईंचा फोन आला, "उद्यापासून जाऊ या का?" एवढ्या एका फोनवर ते पुन्हा सुरू झालं. एकटी असते तर कदाचित ते फिरणं पुरातच संपलं असतं.

खंडाबद्दल तुला विशेष लिहायचं होतं, कारण तू चार दिवस चुकले आणि सगळं सोडलं असं लिहिलंयस. लंडनमधल्या एका अभ्यासात ९६ जणांनी एकेक नवी सवय बारा आठवडे करून बघितली. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले आणि कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर रुळली, व्यायामाला वेळ लागला. एकवीस दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे सांगतात त्याला असा काही आधार नाही. त्या एकवीस दिवसांनी फार माणसांना निराश केलंय असं मला वाटतं. बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला की माणूस म्हणतो, माझ्यातच काहीतरी कमी आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही.

लांबलेली सुट्टी मात्र जड जाते. अमेरिकेत एका विद्यापीठात काही जणांना रंगतदार कादंबऱ्या ऐकायला दिल्या, पण फक्त व्यायामशाळेतच ऐकायच्या अशी अट घातली. सुरुवातीला ही माणसं इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा व्यायामाला गेली. मग नोव्हेंबरमधली सणाची सुट्टी आली, आणि परतल्यावर तो फरक जवळजवळ विरून गेला. आपल्याकडे तर गणपती, नवरात्र, दिवाळी आणि मे महिन्यातली लग्नं अशी रांगच असते. म्हणून सणाला जाताना परतल्यानंतरच्या पहिल्या रात्रीचं आधीच ठरवून ठेव. बॅगा उघडायच्या आधी दोन फेऱ्या. दिवाळीत चालली नाहीस तर मी तुला काही म्हणणार नाही, खुशाल चकल्या तळ.

आता गाणं. याबद्दल लिहिताना माझा हात जरा थांबला, कारण तुझा आवाज मला अजून ऐकू येतो, विलिंग्डन कॉलेजच्या गॅदरिंगमधला. तू मिरजेत शिकलीस, तुला रियाज म्हणजे काय हे मी सांगावं असं नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले, त्या गावात तू गुरूंचा गंडा बांधून शिकायला बसलेली. पण तुझा तो तंबोरा गवसणी घालून कपाटाच्या वर ठेवलाय, हे मी मागच्या खेपेला बघितलं. उतरवायला स्टूल लागतं, मग गवसणी, मग जुळवणं, तोवर कुकरची शिट्टी. तो खाली काढ. बैठकीच्या कोपऱ्यात, गवसणीशिवाय, येता-जाता दिसेल असा ठेव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा, त्यावर कारागिराची महिनोन् महिन्यांची मेहनत. गेल्याच वर्षी मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. असं वाद्य कपाटावर धूळ खातंय हे मला बघवत नाही. जवारी, तारांचा तो घुमणारा नाद, बिघडली असेल तर मला सांग, मी इथे दाखवून आणते.

पण रोज तंबोरा जुळवून बसायचं ठरवू नकोस. तो रविवारी. इतर दिवशी सकाळी कुकर लावलास की मोबाइलवर तानपुरा सुरू कर आणि ओट्यापाशीच उभी राहून खर्ज, तो खालचा सा, लाव. कुकर उतरेपर्यंत, बास. गुरूजींना ओट्यापाशी उभं राहून गाणं आवडलं नसतं, तुझं म्हणणं येईल. नसेल आवडलं. पण खर्ज सुटलेला गळा त्यांना त्याहून कमी आवडला असता. कुकर तू रोज लावतेसच, त्याला कुणी आठवण करून द्यावी लागत नाही, म्हणून गाणं त्याच्या जोडीला बांधायचं.

ते दिवस मोजणारं ॲप मात्र काढून टाक. शंभर दिवसांची साखळी तुटली की माणूस ती साखळीच फेकून देतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने एक टिंब पुरे. टिंब नसलेला दिवस दिसला तर दिसू दे.

आणि वजनकाट्यावर रोज उभी राहू नकोस, साखरही रोज तपासू नकोस, डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर. एचबीए१सीमध्ये मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, म्हणजे आज सुरू केलेलं मे महिन्यात दिसेल. तोवर आकड्याकडे बघून काही कळणार नाही. मेमध्ये तपासून घे आणि जो येईल तो मला कळव, चांगला असो की नसो. औषधाची वेळ आली तर घ्यायचं, त्यात हरल्यासारखं काही नाही.

उत्तरात दोनच ओळी लिही. एक चालण्याची, एक गाण्याची: कशानंतर, कुठे, किती. आणि मिलिंदराव काय म्हणाले तेही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षांच्या कामाला मी पुण्याला येतेय, एक रात्र तुझ्याकडेच राहीन. जेवणानंतर आपण दोघी खाली जाऊ, काकूंनाही हाक मारू. भडंग आणि हळद आणतेच आहे, आणखी काही हवं असेल तर सांग.

सासूबाईंना नमस्कार सांग. मुक्ताला आशीर्वाद.

तुझी,
सुनंदा