सांजोव्हेजेचे गुण रंगावर कापू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत निफाडजवळच्या कुंदेवाडीतल्या ‘रेव्हेलो’ या पाटील कुटुंबाच्या छोट्या वायनरीवर लेख वाचला. त्यांच्या रेड वाइनचे, विशेषतः नेरो दाव्होला आणि सांजोव्हेजे या दोन इटालियन द्राक्षांपासूनच्या वाइनचे, त्यात भरभरून कौतुक आहे. कौतुक रास्तच आहे. आमची तक्रार आहे ती त्याच्या कारणांबद्दल. ‘मखमली’, ‘फळांचा दरवळ’, ‘युरोपच्या तोडीची’ असल्या विशेषणांवरच लेख भागवतो आणि जिथे नेमके काही म्हणतो तिथे घसरतो. रंग फिका म्हणून त्याने सांजोव्हेजेचा एक गुण कापला आहे.

सांजोव्हेजेचा रंग फिकाच असतो, तिच्या माहेरी, इटलीतल्या तोस्काना प्रांतातसुद्धा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की मधोमध डाळिंबाच्या दाण्याचा लाल आणि कडेला किंचित विटकरी झाक दिसते, पलीकडे धरलेली बोटेही दिसतात. सांजोव्हेजे काळीकुट्ट दिसली तर उलट विचारावे की हिच्यात आणखी काय मिसळले आहे. रंगावरून वाइन जोखायची सवय आपल्याला शिराझ आणि काबर्ने या गडद द्राक्षांच्या वाइन पिऊन लागली आहे.

लेखात कुंदेवाडीचे वर्णन ‘निसर्गरम्य’ एवढेच आहे. अहो, हे तेच कुंदेवाडी, जिथल्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला ही बातमी दर हिवाळ्यात आपण छापता! त्या थंडीने खाण्याच्या द्राक्षांचे बागाईतदार हवालदिल होतात. मणी फुगत नाहीत, म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात. वाइनच्या द्राक्षाला मात्र मणी न फुगणे हेच हवे असते. रस बिनरंगी असतो. रंग आणि तुरटपणा सालीत. १८ मिलिमीटरचा मणी १२ मिलिमीटरचा झाला की तेवढ्याच रसामागे साल दीडपट येते. शिवाय रात्री गार असल्या की मण्यातला आंबटपणा लवकर जळत नाही. थॉम्पसन हे खाण्याचे द्राक्ष लावणाऱ्याचे संकट ते रेड वाइनवाल्याचे भांडवल.

पण थंडी तर अख्ख्या तालुक्याला सारखीच मिळते, मग सगळ्यांच्या रेड वाइन चांगल्या का होत नाहीत? फरक पडतो तो काडीवर किती माल ठेवला यावर. थॉम्पसनचे एकरी १०-१२ टन काढणाऱ्या हाताला एकरी ३-४ टनांवर थांबणे जिवावर येते. सप्टेंबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, घड दिसू लागले की काडीला एकच ठेवायचा, आणि मण्यात पाणी उतरून रंग धरू लागला की मागे राहिलेले हिरवे घड पुन्हा कापून सरीत टाकायचे. ही दुसरी कापणी बहुतेक जण टाळतात, कारण तोवर त्या घडावर फवारणीचा सगळा खर्च झालेला असतो. ते हिरवे घड टाकीत गेले तर पिकलेल्या मालाबरोबर कच्चा तुरटपणाही उतरतो, आणि तो नंतर काही केल्या निघत नाही.

पानांचेही तसेच. उत्तर-दक्षिण ओळीत घडाजवळची पाने पूर्वेच्या बाजूने काढावीत आणि पश्चिमेची राहू द्यावीत. सकाळचे ऊन घडाला मानवते, फेब्रुवारीतले दुपारी तीनचे ऊन साल भाजते. दोन्ही बाजूंनी पाने दाट ठेवली तर काबर्नेला ढोबळी मिरचीचा वास येतो. तो वास पेल्यात आला की समजावे, चूक बागेत झाली आहे.

आता खरा मुद्दा, जो लेखात अजिबात नाही. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढले की द्राक्षाची गोडी आठवड्याभरात २२ ब्रिक्सवरून (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) २४-२५ वर जाते आणि आंबटपणा त्याहून वेगाने पडतो. आपल्याकडे पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी डॉगरिज खुंट, म्हणजे ज्यावर द्राक्षाचे कलम बांधतात तो मुळाकडचा वेल, सर्रास वापरतात. हा खुंट पोटॅश ओढून घेतो, त्यामुळे रसाचा पीएच (तो जितका वर, तितका आंबटपणा कमी) आणखी वर सरकतो. ज्याच्या हातात फक्त ब्रिक्समीटर आहे तो २४ चा आकडा पाहून खूश होतो. तेव्हा पीएच ३.९ झालेला असतो आणि वाइन तिथेच हातची गेलेली असते. पीएच ३.४ असेल तर वाइन राखायला लिटरमागे ३२ मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो, ३.८ असेल तर जवळपास ८० लागतो. एवढा घातला की नाकाला काडेपेटी झोंबते, कमी घातला की ब्रेट नावाचे यीस्ट माजते आणि वाइनला गोठ्याचा, ओल्या खोगिराचा वास येतो. काही समीक्षक त्याला ‘मातीचा गंध’ म्हणून गुण देतात, हा भाग वेगळा.

उपाय दोन. एक, टार्टरिक ॲसिड, म्हणजे द्राक्षात असतेच ते आम्ल. लिटरमागे १ ग्रॅम घातले की पीएच साधारण ०.१ ने उतरतो. पण ते रसातच, आंबवण्याआधी घालावे. बाटलीत भरायच्या तोंडावर घातलेले ॲसिड जिभेच्या कडांना वेगळे टोचते. दुसरा उपाय द्राक्ष निवडतानाच करायचा, आणि या कुटुंबाचे कौतुक व्हायला हवे ते इथे. नेरो दाव्होला हे सिसिलीच्या आग्नेय टोकाच्या आव्होला गावचे द्राक्ष. ते भर उन्हात पिकते आणि तरी आंबटपणा धरून ठेवते. सगळा तालुका काबर्ने आणि शिराझ लावत असताना ऊन सोसणारे अनोळखी वाण लावणे सोपे नव्हते. दुकानात त्याचे नाव उच्चारायलाही गिऱ्हाईक बिचकते.

कुटुंबाची वायनरी असण्याचा फायदाही काढणीतच आहे. करारावर माल घेणाऱ्या मोठ्या वायनरीत ट्रकांचे वेळापत्रक आठवडाभर आधी ठरते. घरची बाग असेल तर सकाळी चार प्लॉटमधले मणी चावून, बी तपकिरी झाली का पाहून, पीएच मोजून ‘उद्या पहाटे हा प्लॉट’ म्हणता येते. काढणी पहाटे ४ ते ९, माल २० किलोच्या क्रेटमध्ये. त्याहून जास्त भरले की खालचे मणी फुटतात आणि वायनरीत पोचेपर्यंत व्हिनेगरची सुरुवात होते.

टाकीतले थोडक्यात सांगतो. २६ ते २८ अंशांवर आंबवायचे, वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा रसात बुडवायचा आणि आठ-दहा दिवसांनी चोथा वेगळा करायचा. तापमान ३२-३३ च्या वर गेले तर यीस्ट मध्येच दमते, साखर शिल्लक राहते आणि पुढे बाटलीत पुन्हा फसफसते. ओकच्या एका २२५ लिटरच्या पिंपातून ३०० बाटल्या निघतात. पिंपाचा खर्च वसूल करायच्या नादात लाकूड जास्त मुरवले तर सगळ्या वाइन व्हॅनिलासारख्याच लागतात. सांजोव्हेजेसारख्या नाजूक वाइनला तर नवे पिंप मारकच.

लेखातला सल्लाही दुरुस्त करायला हवा. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ असे त्यात म्हटले आहे. ही खोली युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. नाशिकच्या मे महिन्यात खोली ३४ अंशांची असते. तेवढ्या गरम वाइनमधून फक्त अल्कोहोल नाकात जाते. बाटली फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आली की काढावी. उरलेली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवावी, तीन दिवस चांगली राहते. ‘वाइन जुनी तेवढी चांगली’ हेही आपल्याकडच्या बहुतेक रेड वाइनना लागू नाही. साठवणीची सोय नसेल तर लेबलवरच्या वर्षापासून तीन-चार वर्षांत संपवावी. आणि तांबड्या रश्श्याबरोबर तुरट, पिंपात मुरलेली वाइन घेऊ नका. तिखट, तुरट आणि अल्कोहोल एकत्र आले की तोंडाची आग होते. तिथे थंडसर सांजोव्हेजे बरी. टोमॅटोच्या रश्श्याला आणि भरल्या वांग्यालाही ती चालते.

छोट्या वायनरीची वाइन बिघडते ती बहुतेक वेळा दुकानात. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. विरोधानंतर तो बारगळला. त्याची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही. पण परिणाम असा की वाइन अजूनही व्हिस्कीच्या फळीवर, पत्र्याखाली, उभी ठेवलेली असते. व्हिस्कीला उन्हाने फारसे काही होत नाही, वाइन शिजते. म्हणून घेताना बाटली हातात घेऊन पाहा. बूच गळ्याच्या वर आलेले, झाकणाखाली चिकट ओघळ, गळ्यातली पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली, यांतले एक जरी दिसले तरी ती परत ठेवा आणि मागच्या खोक्यातली मागा. स्क्रू कॅप पाहून नाक मुरडू नका, आपल्या हवेत ती बुचापेक्षा भरवशाची.

एक विनंती. लेखात चाखलेल्या वाइन कोणत्या वर्षाच्या होत्या ते छापलेले नाही. काढणीच्या तोंडावर अवकाळी झालेले वर्ष आणि कोरडे वर्ष यांत एकाच बागेची वाइन ओळखू येणार नाही इतकी बदलते. पुढच्या वेळी वाइनचे वर्ष, ती ओतली तेव्हाचे तापमान, आणि बाटली वायनरीतून आली की दुकानातून, एवढे तीन तपशील चौकटीत द्यावेत.

आपले,
द्राक्षबाग व वाइननिर्मितीत काम करणारे दोन वाचक,
निफाड तालुका, जि. नाशिक