सोफ्यावरच्या चित्रातला घाट कोणता?

ती. बाबा आणि ती. आई यांना
सा. न.

पत्रास कारण, सोफ्यावरचं ते जलरंगातलं चित्र. बाबा म्हणतात नाशिकचं रामकुंड, आई म्हणते वाई. पाठवलेल्या फोटोत काचेवर ट्यूबलाइटच जास्त दिसते, त्यावरून मी ठरवणार नाही. पण तुम्हाला नाशिकमध्ये राहून हे ठरवता येईल, आणि माझ्यापेक्षा चांगलं.

देवळावरून सुरुवात करू नका. शिखर, दीपमाळ, दगडी पायऱ्या पेशवाईतल्या कुठल्याही घाटावर सापडतात. शिवाय चित्रकार शिखर उंच करतो, नसलेली होडी घालतो. जागेवर बसून काढणारा माणूस सहसा बदलत नाही तो वस्तूंचा डावी-उजवीचा क्रम आणि मागच्या डोंगराची रेघ.

म्हणून आधी डोंगर. आपल्याकडे रामशेज आणि चांभारलेणीचा डोंगर उत्तरेला, शहरापासून बरेच लांब. घाटावर आता इमारती आड येतात, तेव्हा गच्चीवरून बघा: हात पूर्ण लांब करून अंगठा आडवा धरला की रामशेज त्याच्या जाडीमागे जवळजवळ झाकला जातो. वाईला पांडवगड जवळ आहे, तो याच्या दुप्पट-तिप्पट दिसतो. चित्रकार डोंगर थोडा वाढवतोच, ती सूट द्या. पण चित्रात तो समोरच्या देवळाच्या शिखराच्या निम्म्याहून उंच चढला असेल, तर आईचं पारडं जड. तिथे ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंतही शोधा. पुराचं पाणी दुभंगावं म्हणून ती माशाच्या आकाराची निमुळती बांधली आहे, आणि नदीवरून काढलेल्या चित्रात ती लपत नाही.

बाबा, तुमच्या बाजूची खूण म्हणजे नारोशंकराचं देऊळ (1747). त्याला किल्ल्यासारखा तट आहे, कोपऱ्यांवर घुमटाच्या छत्र्या आहेत आणि नदीकडच्या बाजूला वसईहून आणलेली ती मोठी घंटा टांगलेली आहे. तट आणि घंटा एकत्र दिसली तर दुसरं गाव शोधायला नको. पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती दिसली तर प्रश्नच मिटला. पूल नाही म्हणून चित्र फार जुनं, असं मात्र धरू नका. गोदावरीवरचा होळकर पूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. तो दिसला तर चित्र त्यानंतरचं, पण तो नुसता चौकटीबाहेरही राहिला असू शकतो.

आता उजेड. गोदावरी पश्चिमेकडून येते आणि रामकुंडाशी दक्षिणेला वळते. म्हणजे गावच्या काठावरून पंचवटीकडे पाहिलं तर पाणी डावीकडून उजवीकडे जातं, आणि पंचवटीवरून गावाकडे पाहिलं तर उलट. नारोशंकराचा नदीकडचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे, त्यावर ऊन संध्याकाळी पडतं. चित्रात तो उजळ असेल आणि आकाश सकाळचं वाटत असेल, तर काहीतरी जुळत नाही. दुपारची आखूड सावली आपल्याकडे बहुतेक वर्ष उत्तरेला पडते, फक्त साधारण 20 मे ते 23 जुलै या काळात दक्षिणेला. हे सगळं एकदम उलटं निघालं तर मूळ चित्र छापील असून ते आरशासारखं उलटं छापलं गेलं का, ते बघा. काही जुन्या छाप्यांत तसं होतं. भिंगातून रंगाचे ठिपके किंवा बारीक समांतर रेघा दिसल्या तर छपाई. हाताच्या जलरंगात रंग कागदाच्या खळग्यांत साचलेला दिसतो.

नाशिक ठरलं की मला सगळ्यात आवडतं ते काम. चित्रात एकामागे एक आलेल्या दोन पक्क्या वस्तू निवडा, जसं छत्रीच्या कोपऱ्यामागून डोकावणारं शिखर. घाटावर डावी-उजवीकडे सरकत राहा. ती दोन्ही तशीच जुळली की नकाशावर त्या दोन्हींमधून जाणारी एक रेघ ओढा. मग दुसरी जोडी घेऊन दुसरी रेघ. दोन्ही छेदतात तिथे चित्रकार बसला होता. तो किती उंचावर होता तेही कळतं: पायऱ्यांचे वरचे पृष्ठभाग दिसत असतील तर त्याची नजर त्यांच्यापेक्षा वर होती. जोड्या निवडताना झाडं आणि घरं घेऊ नका, ती बदलतात. दगडी बांधकाम घ्या.

चित्र उतरवताना दोन्ही हात खालून धरा, दोरीवर भार नको. पलंगावर मऊ सुती कापड टाकून पालथं ठेवा आणि पाठीचे फोटो काढा: चिठ्ठी, फ्रेमवाल्याचा शिक्का, पेन्सिलीतलं नाव, आकडे. पाठीचा तपकिरी कागद फाडू नका. काच स्वतः काढू नका; दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि रंगासकट सुटतो. आई, ओलं फडकं अजिबात नको, एक थेंब आत गेला तरी डाग पडतो. समोरचा फोटो घेताना दिवे बंद करून खिडकीच्या बाजूच्या उजेडात, काळा कपडा घालून घ्या, म्हणजे काचेत तुम्ही दिसणार नाही. खालचे दोन्ही कोपरे जवळून वेगळे घ्या, सही तिथेच असते.

घाटावर सकाळी जा, पाणी उतरलेलं असताना. बाबा, शेवाळलेल्या पायऱ्या उतरू नका, जोड्या वरच्या रस्त्यावरूनही जुळवता येतात. पण आधी पाठीचा फोटो पाठवा.

तुमची
धाकटी