मुंढ्यात जरा सैल ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत स्तनाच्या कॅन्सरवर लेख आला, त्या आठवड्यात तिघीजणी ते कात्रण घेऊन माझ्या दुकानात आल्या. सांगलीच्या खणभागात 26 वर्षं मी ब्लाउज शिवते. पडद्याआड माप घेताना बायका सासूला न सांगितलेलं मला सांगतात. "ताई, डाव्या मुंढ्यात जरा सैल ठेवा, दुखतंय," हे तर नेहमीचंच. लेख वाचून तिघींनाही आपल्याला तेच झालंय असं वाटत होतं. दुखण्याची, गाठीची बाकीची कारणं कुणी छापतच नाही, म्हणून हे पत्र.

माझंच सांगते. वयाच्या 43व्या वर्षी आंघोळीच्या वेळी उजवीकडे सुपारीएवढी गाठ हाताला लागली. पाळीच्या आधी ठणकायची. दिवाळीचे कपडे शिवायचे राहिले होते, त्यामुळे पंधरा दिवस कुणाला बोलले नाही. मग मिरज गाठली. डॉक्टरीणबाईंनी आधी हाताने तपासलं, मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी. पाण्याची गाठ निघाली. सुई घातली, सिरिंजमध्ये हिरवट पाणी आलं आणि गाठ तिथल्या तिथे बसली. पस्तिशी ते पन्नाशीत या गाठी पुष्कळ होतात, पाळी गेली की बहुधा थांबतात. पाणी रक्ताळलेलं असेल किंवा गाठ पुन्हा भरली, तर मात्र पुढे तपासायचं.

भाचीची गोष्ट वेगळी. ती 21 वर्षांची, गाठ बोटाखाली ओल्या साबणासारखी निसटायची. फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे कॅन्सरची नसलेली घट्ट गाठ, तरुण मुलींत हीच जास्त. सुईने तुकडा काढून तपासला. गाठ लहान होती, म्हणून ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, असं सांगितलं. वाढली किंवा फार मोठी झाली तरच काढतात. पण घरात एकच धोशा, लग्नाआधी काढून टाका! लग्नाचा आणि गाठीचा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

पहिलटकरणींचं तर विचारू नका. एक जण माहेरी बाळंत झाली, दूध दाटून छाती लालबुंद, अंगात ताप. घरच्यांनी हळदीचा लेप लावला आणि त्या बाजूने पाजणं बंद केलं. आत पू झाला. शेवटी सोनोग्राफीत बघत सुईने पू काढला, अँटिबायोटिक दिलं, आणि डॉक्टर म्हणाले, पाजणं थांबवू नका. सांगलीच्या हळदीचा मलाही अभिमान आहे, पण पू हळदीने निघत नाही.

नुसतं दुखणं बहुतेकींचं पाळीचं असतं. दोन्हीकडे जड वाटतं, काखेपर्यंत ओढ लागते, पाळी आली की उतरतं. कधी ते छातीच्या स्नायूचं किंवा बरगडीचं असतं, दिवसभर मशीनवर वाकून मलाही होतं. आणि हे माझ्या धंद्यातलं: निम्म्या बायका चुकीच्या मापाची ब्रा घालतात. नीट माप घेऊन आधार देणारी घ्या, पुष्कळ आराम पडतो. एकाच जागी सतत दुखत राहिलं तर मात्र दाखवा.

माझी एक जुनी गिऱ्हाईक, वय 52. तिने कधीच सैल ठेवायला सांगितलं नाही. गेल्या वर्षी नेहमीच्या मापाने शिवलेल्या ब्लाउजचा डावा टक्स बसेना. पाहिलं तर तिथली कातडी आत ओढली गेली होती, खाली खड्यासारखी घट्ट गाठ. "दुखत नाही हो," म्हणाली, म्हणूनच वर्षभर थांबली होती. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली. परवा तिच्या ब्लाउजला आतून कप्पा शिवून दिला, कापसाचं पॅड बसवायला.

सरकारी आरोग्य केंद्रात 30 वर्षांपुढच्या बायकांची स्तनांची तपासणी व्हायची असते. मी एके ठिकाणी गेले, तर पडदा नव्हता. "गाठ आहे का?" एवढं विचारून रकान्यात खूण केली. गाठ आहे की नाही, हे मलाच कळत असतं तर मी गेले कशाला असते? निदान एक पडदा लावा आणि हाताने तपासा, एवढं आपण छापावं.

आणि बाकीच्या गाठींवर एखाद्या डॉक्टरांकडून सोप्या भाषेत लिहून घ्या. ते पान मी माप घ्यायच्या पडद्याला आतून टाचणीने लावीन.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, खणभाग, सांगली
(कृपया नाव छापू नये)