द्राक्षाचे ‘हार्मोन’ मुलांना वाढवत नाही

‘हार्मोनमध्ये बुडवलेली द्राक्षे मुलांना देऊ नका’ असा सल्ला देणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. त्यावर माझा ठाम आक्षेप आहे.

बियांच्या द्राक्षात मणी वाढवण्याचा निरोप बी देते. तिथले जिबरेलिन हे वाढीचे हार्मोन पेशीतील ग्राहीला (निरोप ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, वाढ रोखून धरणारी डेला प्रथिने नष्ट होतात आणि मणी फुगतो. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणात बी अर्धवटच राहते, म्हणून निरोप तोकडा पडतो. आम्ही बागायतदार ‘जीए’च्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात घड बुडवतो, तो हाच निरोप पोचवण्यासाठी. डिपिंगच्या वेळी द्रावणाचा मग हातात धरून ओळीने जाताना पानाआड एखादा घड सुटला, तर काढणीला त्याचे बारके मणी लगेच ओळखू येतात.

हे द्रव्य प्रयोगशाळेत जन्मलेले नाही. भाताची रोपे उंच आणि लुकडी करणाऱ्या बुरशीच्या स्रावात त्याचा माग जपानचे शास्त्रज्ञ कुरोसावा यांना १९२६ मध्ये लागला. वनस्पतीत तर ते असतेच. माणसाच्या पेशीत मात्र जिबरेलिन ओळखणारा तो ग्राही नाही. मण्याला मिळणारा वाढीचा निरोप मुलाच्या शरीराला कळतच नाही.

कीडनाशकांच्या अंशांची काळजी रास्त आहे. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले, हे ग्राहकाने जरूर विचारावे. पण लेखात कीडनाशक आणि हार्मोन या दोन्हींची गल्लत झाली आहे. ऐन हंगामात त्याचा फटका आम्हाला बसतो. कृपया खुलासा छापावा.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)