जा, पण वेळेवर निघ

प्रिय बाळा,

बढतीची बातमी सांगताना तुझ्या आवाजात आनंद होता, पण फोन ठेवता ठेवता तू जे विचारलंस त्यात धास्तीही होती. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर बसून बॉसच्या नावाने बोटं मोडली, त्यांचीच आता तू बॉस झालीस. शुक्रवारी संध्याकाळी सगळे बाहेर जातात तेव्हा आता जायचं की नाही? दोन वाक्यांत उरकावा असा हा प्रश्न नव्हे, म्हणून लिहायला बसले.

जा. माझं उत्तर हेच आहे. तुला पुष्कळ जण सांगतील की अंतर ठेवल्याशिवाय वचक राहत नाही. मी हाताखाली काम केलं आणि पुढे माणसं सांभाळलीही, आणि मला हे कधीच पटलं नाही. जो साहेब कुणात मिसळत नाही, त्याला सगळ्या गोष्टी सगळ्यांत शेवटी कळतात. घरी कुणी अंथरुणाला खिळलंय, रात्रीची झोप नाही, म्हणून दिवसा कामात चुका होताहेत, हे माणूस मीटिंगमध्ये सांगत नाही. ते जेवताना निघतं, लिफ्टची वाट बघताना निघतं. ते तुझ्या कानावर आलं नाही, तर तू त्या चुकांवरून त्याला नुसती बोलत राहशील.

पण बाळा, तुझ्या बोलावण्याला आता वजन आलंय, ते ओळख. पूर्वी तू "चला, जेवायला जाऊ" म्हणालीस तर कुणीही "आज नको गं" म्हणून मोकळं व्हायचं. आता समोरच्याच्या मनात आधी येतं की नाही म्हटलं तर हिला काय वाटेल. म्हणून बेत त्यांना ठरवू दे, त्यांनी बोलावल्यावर तू जा. आणि जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी "काल का नाही आलास?" असं प्रेमानेही विचारू नकोस. तुला ती आपुलकी वाटेल, त्याला ती हजेरी वाटेल. तुला स्वतःहून सगळ्यांना एकत्र आणायचं असेल तर कामाच्या वेळेत, दुपारच्या जेवणाला आण. रात्रीच्या बैठकीला लहान मूल असलेली येऊ शकत नाही, लांब राहणारा येऊ शकत नाही, पिणाऱ्यांत बसायला नको वाटणारा येत नाही. घरून काम करणाऱ्याला तर असा काही बेत होता हेही कळत नाही.

हे मी नुसत्या अनुभवावरून म्हणत नाही. झोई कलन आणि रिकार्डो पेरेझ-ट्रुलिया या दोन अर्थतज्ज्ञांनी आशियातल्या एका मोठ्या बँकेतल्या बढत्या तपासल्या. २०२३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुष मॅनेजरच्या हाताखाली आलेले पुरुष लवकर वर चढत होते. स्त्रियांना मात्र मॅनेजर पुरुष असो की स्त्री, काही फरक पडत नव्हता. त्या पुरुषांनी जास्त काम केलं किंवा त्यांची कामगिरी सुधारली, असंही आढळलं नाही. हा फायदा दिसला तो मॅनेजरच्या जवळ बसून काम करणाऱ्यांना. त्यांनी सिगारेटचंही पाहिलं. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला सिगारेट ओढणारा मॅनेजर मिळाला की दोघं जास्त वेळा एकत्र ब्रेक घ्यायचे, आणि त्याची बढतीही लवकर व्हायची.

मला यात सगळ्यात अस्वस्थ करतं ते हे, की त्या मॅनेजरांपैकी कुणी मुद्दाम अन्याय करायला बसला असेल असं मला वाटत नाही. रोज पाच मिनिटं ज्याच्याशी बोलतो, त्याचं काम आपोआप जास्त लक्षात राहतं. त्याची अडचण आपल्याला ठाऊक असते, म्हणून त्याची चूक समजून घेतली जाते. दुसऱ्याची तीच चूक निष्काळजीपणा ठरते. एकाच वरिष्ठाभोवती एक आतलं वर्तुळ आणि एक बाहेरचं वर्तुळ तयार होतं, हे डान्सेरो, ग्रेन आणि हागा या अभ्यासकांनी १९७५ सालीच मांडलं होतं. बाई म्हणून तू अशा वर्तुळाबाहेर उभी राहिली आहेस आणि त्याचा त्रास मला सांगितला आहेस. आता वर्तुळ तुझं आहे. तुझ्याबरोबर नोकरीला लागलेल्या तुम्ही चौघी जणी रोज एकत्र चहाला जाता, हे बाकीच्या टीमला आजपासून वेगळं दिसणार आहे. चहा बंद करू नकोस. पण आठवड्यातले काही दिवस इतरांबरोबर जा, विशेषतः जो आपण होऊन कधी जवळ येत नाही त्याच्याबरोबर. आणि कामाचा कुठलाही निर्णय त्या चहावर घेऊ नकोस. विषय निघालाच तर "हे उद्या सगळ्यांसमोर बोलू" म्हणून तिथेच थांबव.

जिथे हुकमावर जीव जातात त्या लष्करातही सरसकट बंदी नसते, हे मला बोलकं वाटतं. अमेरिकन लष्कराच्या नियमांत अधिकारी आणि शिपाई यांच्यातले प्रेमसंबंध, जुगार आणि धंद्यातली भागीदारी यांना मनाई आहे, पण पलटणीचे समारंभ, खेळ, कौटुंबिक मेळावे यांत मिसळायला आडकाठी नाही. म्हणजे सगळ्यांसमोर, सगळ्यांबरोबर मिसळणं चालतं. दोघांचे हितसंबंध गुंतले की चालत नाही.

तेव्हा हाताखालच्या कुणाकडून उसने घेऊ नकोस, कुणाला व्याजाने तर मुळीच देऊ नकोस. कुणाचा पगार, कुणाची रजा, कुणाचं आजारपण बाहेरच्या टेबलावर काढू नकोस. तुझ्या वरच्यांबद्दलचा राग त्यांच्यापाशी ओकू नकोस, कारण तो ऐकून त्यांना करता येण्यासारखं काहीच नसतं. सोशल मीडियावर तू आपण होऊन रिक्वेस्ट पाठवू नकोस. आल्या तर एक घेतली आणि एक तशीच ठेवली असं नको.

शुक्रवारी तासाभराने निघ. तुझ्याबद्दल कुरकुर करायला त्यांना जागा हवी, जशी तुला हवी होती. बॉसवर विनोद चालायचे त्या जुन्या ग्रुपमधूनही बाहेर पड, पण गुपचूप नको. "आता माझ्यासमोर तुम्हाला मोकळं बोलता येणार नाही" असं सांगून पड. याने तुला एकटं वाटेल, मला कल्पना आहे. दुसऱ्या टीम सांभाळणारे तुझ्या बरोबरीचे जे आहेत त्यांच्याशी ओळख वाढव. तुझ्या नव्या अडचणी त्यांनाच नीट समजतील.

राहिली तुझी जिवाभावाची मैत्रीण. खरी काळजी मला तिचीच आहे, तुझ्याइतकीच. ती मैत्री तोडू नकोस. अशी माणसं नोकरीच्या खुर्चीसाठी सोडायची नसतात. पण तिच्या कामाचं मूल्यमापन आता तुझ्या हातात आहे, आणि तिथे दोन्हीकडून घसरायची भीती असते. एक तर तू तिला झुकतं माप देशील, नाहीतर लोक बोलतील म्हणून तिच्यावर जास्तच कडक होशील. दुसरंही घडतं आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ही मैत्री तुझ्या वरिष्ठांना आधीच सांगून ठेव आणि तिचं रेटिंग आणखी कुणीतरी तपासावं अशी मागणी कर. टीममधल्या प्रत्येकाच्या कामाच्या नोंदी वर्षभर लिही, म्हणजे वर्षअखेरीला फक्त जवळच्यांचंच आठवणार नाही.

आणि तिच्याशी या आठवड्यातच बोल, काही बिनसायच्या आधी. उद्या कुणाची नोकरी जाणार असेल आणि तुला ते ठाऊक असेल, तरी तू तिला सांगू शकणार नाहीस. अगदी तिची स्वतःची नोकरी असली तरीही. हे तिला आज ऐकू दे. ती गप्प होईल, कदाचित चिडेलही. तिला वेळ दे, लगेच समजूत काढायला जाऊ नकोस. बोलणं झालं की मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
आई