मागच्या अंगणाची फरशी बसवून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मागच्या अंगणातील जुन्या काँक्रीटवर आपण शहाबादी फरशी बसवून दिलीत. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी तिच्यावरून थेट निचऱ्याच्या जाळीकडे गेले आणि उंबऱ्यापाशी जरासुद्धा साचले नाही, म्हणून हे पत्र मनापासून लिहीत आहे.

आपल्याआधी येऊन गेलेल्या एका ठेकेदाराने सगळे काँक्रीट फोडावे लागेल असे सांगितले होते. आपण मात्र हातोडीने ते इंच इंच वाजवून पाहिलेत आणि नळाजवळ जेथे बद्द आवाज आला तेवढाच भाग फोडून नव्याने भरलात. न खचलेले, घट्ट काँक्रीट म्हणजे फरशीसाठी आयता पाया, हे आपण समजावून सांगितल्यामुळे आमचा राडारोडा वाहण्याचा खर्च तर वाचलाच, शिवाय चांगला पाया विनाकारण मोडला गेला नाही.

माल (सिमेंट-वाळूचे मिश्रण) आणि फरशी मिळून अंगण दोन इंचांहून अधिक वर येणार, हे आधीच ओळखून आपण पाण्याच्या नळीने लेव्हल काढलीत, घराकडून जाळीकडे दर 8 फुटांना 1 इंच ढाळ धरलात आणि चेंबरची चौकटही तेवढी उचलून घेतलीत. त्यानंतर गुळगुळीत पृष्ठभागाला टाचे, म्हणजे बारीक खाचा, मारून, धूळ धुऊन काढून, साचलेले पाणी पुसून सिमेंट-पाण्याची पातळ रबडी फिरवली, तेव्हा कोठे पहिली फरशी बसली.

माझ्या विशेष लक्षात राहिली ती एक गोष्ट. बसवलेली एक फरशी आपण पुन्हा उचललीत, तिचा एक कोपरा खालून कोरडा दिसला आणि आपण माल सारखा करून, फरशीच्या पाठीला पुन्हा रबडी लावून ती नव्याने ठोकून बसवलीत. चार कोपऱ्यांना मालाचे गोळे ठेवून काम झटपट उरकता येते, परंतु मधल्या पोकळीत पाणी शिरते आणि वजन पडले की फरशी तडकते. वरून कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी आपण ही काळजी घेतलीत, याचे मोल मला फार वाटते.

काँक्रीटला पडलेल्या आडव्या भेगेवर आपण फरशीचा सांधा नेमका आणलात आणि त्यात सिमेंट न भरता लवचिक सीलंट, म्हणजे रबरासारखे ताणले जाणारे भरण, भरलेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा खालचे काँक्रीट थोडेफार हलणारच. ती हालचाल त्या सांध्यात सामावते आणि फरशीला तडा जात नाही. भिंतीलगतची फटही आपण याच कारणाने मोकळी ठेवलीत.

भर उन्हात माल कालवून देणाऱ्या आणि काम झाल्यावर ओली गोणपाटे वारंवार भिजवणाऱ्या ताईंनाही आम्हा सर्वांचे मनःपूर्वक आभार कळवावेत.

आपला ऋणी,
एक घरमालक, सोलापूर